लेन्सची पत्रिका आधी जुळवा!

छत्तीस फ्रेमचा रोल. लॅबमधून स्कॅन आले तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होते. पहिला फोटो उघडला, मग दुसरा, दहावा, विसावा... सगळीकडे तेच. स्टेजवर माझी मैत्रीण धूसर आणि तिच्या मागे हातभर अंतरावर खुंटीला टांगलेला कंदील मात्र असा लख्ख, की काचेवरची काजळीही दिसावी. एकांकिकेत नायिका कोण होती ते सोडा, माझ्या रोलची नायिका तो कंदील होता.

ही आमच्या कॉलेजच्या एकांकिकेची रंगीत तालीम होती. मैत्रीण सत्तर वर्षांच्या आजीची भूमिका करत होती. तिचं हे शेवटचं वर्ष आणि शेवटचं नाटक. पुढे एकांकिका प्राथमिक फेरीतच बाहेर पडली, म्हणजे ती आजी, तो मेकअप, ती साडी, काहीच पुन्हा दिसणार नव्हतं. तिने विचारलं, "आले का गं फोटो?" मी म्हटलं, "बघते." पुढचे आठ दिवस मी नुसतं "बघते"च म्हणत होते.

चूक कुठे झाली ते सांगते. माझ्याकडे झोर्की-४ आहे. सोव्हिएत बनावटीचा रेंजफाइंडर कॅमेरा, एका सीनिअरकडून घेतलेला. त्यावरच्या ज्युपिटर-८ या ५० मिमी लेन्सने सहा महिने छान फोटो काढले. मग ऑनलाइन एक ज्युपिटर-११ दिसली. १३५ मिमी, एफ/४, लांबलचक, चकचकीत, रुबाबदार. किंमत साडेचार हजार, म्हणजे माझा दीड महिन्याचा स्टायपेंड. एवढी लांब लेन्स एवढ्यात मिळतेय म्हटल्यावर विचार कसला करायचा? घेऊन टाकली.

विचार करायला हवा होता. सध्या कॅम्पसमध्ये फिल्म कॅमेऱ्यांची हवा आहे आणि कॅमेरा आला की सहा महिन्यांत 'आता एक टेलिफोटो पाहिजे यार' हा किडा वळवळतोच. म्हणून हे लिहितेय. माझं म्हणणं सरळ आहे: रेंजफाइंडरसाठी जुनी १३५ची लेन्स स्वस्त मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे ते आधी विचारा. आणि विद्यार्थ्याने पहिली लांब लेन्स घ्यायचीच असेल, तर ती ८५ ते १०० मिमीच्या मधली घ्यावी.

दोन खिडक्यांचं गणित

एसएलआर कॅमेऱ्यात आपण आरशाच्या मदतीने थेट लेन्समधूनच बघतो. लेन्स लांब झाली की डोळ्यासमोरचं चित्रही मोठं होतं आणि फोकस चुकला तर लगेच कळतं. रेंजफाइंडरचं तसं नाही. तिथे लेन्स बघते एकीकडे आणि आपण बघतो वेगळ्याच खिडकीतून. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात. दोन्हींतून दिसणाऱ्या प्रतिमा मधल्या छोट्या ठिपक्यात एकमेकींवर येतात. त्या तंतोतंत जुळल्या की फोकस झाला. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात, तसंच काहीसं.

आता या दोन खिडक्या जितक्या लांब, तितका अंदाज अचूक. त्यांच्यातल्या अंतराला बेस म्हणतात. त्या अंतराला व्ह्यूफाइंडरच्या मॅग्निफिकेशनने गुणलं की खरा उपयोगी आकडा मिळतो, तो म्हणजे इफेक्टिव्ह बेस. झोर्की-४चा हा आकडा सुमारे ३८ मिमी आहे. कॅनन पीचा ४१. लायका एम-३चा सुमारे ६२. २००० साली आलेल्या फोक्टलेंडर बेसा-आरचा फक्त २५च्या आसपास.

लेन्सला किती बेस लागतो, याचं गणित आठवीतल्या मुलालाही जमेल. फोकल लेंथचा वर्ग करा, त्याला अपर्चरच्या आकड्याने भागा आणि उत्तराला शंभरने भागा. एवढंच. (डोळा अंदाजे एक मिनिट कोनाइतका बारकावा पकडतो आणि ३५ मिमी फिल्मवर ०.०३ मिमीपर्यंतचा धूसरपणा चालतो, असं यात धरलंय.)

माझी १३५ मिमी, एफ/४: १३५चा वर्ग १८,२२५. भागिले ४, भागिले १००. उत्तर साडेपंचेचाळीस. माझ्या कॅमेऱ्याकडे किती? ३८. विषय संपला!

हे गणित मी आधी केलं असतं तर साडेचार हजार वाचले असते. त्याहून महत्त्वाचं, आजीचे फोटो वाचले असते.

काकांनी लावलेली चिकटपट्टी

तरी शंका होती की दोष लेन्सचा असेल. म्हणून पेठेतल्या एका जुन्या कॅमेरा दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी झोर्कीची मागची बाजू काढली, फिल्म जिथे बसते तिथे धुरकट चिकटपट्टी ताणून लावली, शटर उघडं ठेवलं आणि कॅमेरा समोरच्या इमारतीकडे धरला. चिकटपट्टीवर उलटं चित्र उमटलं. रेंजफाइंडर म्हणत होता जुळलं, पट्टीवर मात्र गॅलरीचे गज धूसर आणि मागच्या भिंतीच्या विटा स्पष्ट.

काका म्हणाले, "लेन्स चांगली आहे. कॅमेराही चांगला आहे. दोघांची पत्रिकाच जुळत नाही, बाळा." माझ्या कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर केसभर सरकला होता. मग सहा महिने ते कळलं कसं नाही? तर ५० मिमी लेन्स असल्या चुका पोटात घालते. सात मीटरवर, एफ/४ला, ५० मिमी लेन्सने साधारण सव्वापाच ते साडेदहा मीटरपर्यंतचं सगळं ठीकठाक शार्प येतं. त्याच अंतरावर, त्याच अपर्चरला १३५ मिमी लेन्सने जेमतेम ६५ सेंटिमीटरची पट्टी शार्प मिळते. म्हणजे पुढे तीसेक, मागे तीसेक. आणि माझ्यासारख्या ३८च्या बेसची चूक सात मीटरवर ४० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते, तीही कॅमेरा अगदी नीट जुळवलेला असेल तर! कंदील हातभर मागे होता. हिशोब बरोबर जुळतो.

काकांनी रेंजफाइंडर जुळवून दिला. पण बेसची लांबी काही ते वाढवून देऊ शकत नव्हते.

मग कोणती घ्यायची?

हेच गणित बाकीच्या लेन्सना लावून बघा. ९० मिमी, एफ/४ला लागतात २०. म्हणजे बेसा-आरलाही चालेल. १०० मिमी, एफ/३.५ला साधारण साडेअठ्ठावीस. ८५ मिमी, एफ/२ला ३६, म्हणजे झोर्कीवर काठावर पास. पण तीच एफ/४वर नेली की १८, मग निवांत. १०५ मिमी, एफ/२.५ला ४४. आणि १३५ मिमी, एफ/२.८ला तब्बल ६५, म्हणजे लायका एम-३च्याही बाहेर. लायकाने १९६३ साली अशी एलमारिट काढली तेव्हा तिला पुढे चष्म्यासारखी भिंगं जोडून दिली होती, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोठं करण्यासाठी. खुद्द बनवणाऱ्यालाच लेन्सला चष्मा लावावा लागला, तर आपली काय कथा?

लायका, कॅनन किंवा बेसा असेल तर जुन्या लेन्समध्ये माझं मत लाइट्स एलमार ९० मिमी एफ/४ किंवा कॅनन १०० मिमी एफ/३.५ला. कॅननसाठी मात्र कॅमेऱ्याचा बेस आधी बघा. बेसा-आरच्या २५मध्ये ती बसत नाही. एलमार १९३१पासूनची. दोन्ही लेन्स सडपातळ आणि हलक्या. "एफ/४ म्हणजे किती स्लो!" असं कुणीतरी म्हणेल. म्हणू दे. एफ/२ची लेन्स घेऊन फोकस चुकवण्यापेक्षा एफ/४ला डोळे शार्प आलेले बरे. झोर्की किंवा फेड असेल तर ज्युपिटर-९, ८५ मिमी एफ/२. पण तिला एफ/२.८ किंवा ४वरच वापरायची सवय लावा. कीव्ह कॅमेरा असेल तर तुमची मजा आहे. त्याचा मूळ बेस ९० मिमी आहे, कारण तो झाइसच्या कॉन्टॅक्सचा अवतार. युद्धानंतर जर्मनीतली यंत्रसामग्री भरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली, त्यातून तो जन्मला. तिथे १३५ला ना नाही.

दुसरं कारण आहे चौकटीचं. रेंजफाइंडरच्या खिडकीत लेन्स बदलली तरी चित्र तेवढंच राहतं, फक्त आतली चौकट लहान होत जाते. ५० मिमीच्या चौकटीच्या तुलनेत ९०ची चौकट क्षेत्रफळाने साधारण एक तृतीयांश आणि १३५ची एक सप्तमांश. पोस्टाच्या तिकिटात चेहरा शोधायचा! १९५४च्या लायका एम-३ची खिडकी मुळातच मोठी दाखवणारी होती, त्यामुळे त्यात ५०, ९० आणि १३५ या तिन्ही चौकटी निभावल्या. झोर्की-४मध्ये तर चौकटीच नाहीत. वर वेगळा व्ह्यूफाइंडर लावायचा, एका खिडकीतून फोकस करायचा, दुसरीतून फ्रेम बघायची. तोवर नटाचा संवाद संपून टाळ्याही वाजून जातात.

लायकाने रेंजफाइंडरला जोडलेल्या लेन्स १३५वरच थांबवल्या. त्यापुढच्या लांब लेन्ससाठी व्हिझोफ्लेक्स नावाचा आरशाचा डबा दिला. याचा अर्थ काय? १३५ ही या कॅमेऱ्याची शेवटची पायरी आहे, पहिली नाही.

८५ म्हणजे तडजोड नव्हे

यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आम्हा पत्रकारितेच्या मुलांना तर विशेष. १९५० साली 'लाइफ'चा फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जून मिकी या जपानी फोटोग्राफरने त्याचा एक फोटो काढला, निक्कोर ८५ मिमी एफ/२ लेन्सने. प्रिंट बघून डंकन चाट पडला. जपानी लेन्स इतकी शार्प? तो थेट निप्पॉन कोगाकूच्या कारखान्यात गेला. थोड्याच दिवसांत कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि डंकन आपल्या लायकाला निक्कोर लेन्स लावून तिथे पोचला. निकॉनचं नाव जगभर झालं, त्याची सुरुवात एका ८५ मिमीने काढलेल्या पोर्ट्रेटपासून झाली. कारखान्याचं नशीब बदलायला ती पुरली, तर आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला नक्की पुरेल.

घेताना काय बघाल?

एक: घराणं बघा. ३९ मिमी आट्यांची लेन्स कोणत्याही ३९ मिमी आट्यांच्या कॅमेऱ्यावर बसते, पण बसली म्हणजे चालली असं नाही. सोव्हिएत लेन्स आणि लायका यांचं फोकस जुळवण्याचं माप थोडं वेगळं आहे. ५०ला ते खपून जातं. ८५ किंवा १३५ला, उघड्या अपर्चरवर आणि जवळच्या अंतरावर खपत नाही. म्हणून ज्युपिटर-९ झोर्कीवर गुणी मुलगी आणि लायकावर हट्टी. सोव्हिएतला सोव्हिएत, लायका-कॅननला त्यांच्या घराण्यातली, हे सोपं सूत्र.

दोन: झेनिटचा सापळा. सुरुवातीच्या झेनिट एसएलआरच्या लेन्सनाही ३९ मिमीच्याच आट्या होत्या. त्यावरही ज्युपिटर-९ आणि ११ हीच नावं. पण त्या रेंजफाइंडरवर फोकसच होत नाहीत. त्यांचं लेन्स ते फिल्म अंतर वेगळं, आणि रेंजफाइंडरला ढकलणारी मागची कडीही नसते. विकणाऱ्याकडून लेन्सच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. फोकसची रिंग फिरवल्यावर पुढेमागे सरकणारी आतली पितळी किंवा धातूची कडा दिसली पाहिजे.

तीन: टॉर्च. मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि पुढून बघा. धूळ चालेल. दुधाळ धुरकटपणा आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे चालणार नाहीत. धागे म्हणजे बुरशी, आणि ती काचेवरचा थर कायमचा खाऊ शकते. आपल्याकडे मुंबई-कोकणची हवा आणि पावसाळा म्हणजे बुरशीला आमंत्रणच. घेतल्यावर लेन्स तिच्या जुन्या चामडी पिशवीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बस्स. आईला डबा परत मिळणार नाही, हे आधीच सांगून टाका.

चार: ती चिकटपट्टी. कॅमेरा आणि लेन्स एकत्र तपासा. लांबचा मोबाइल टॉवर, दोन मीटरवरचं कॅलेंडर आणि मधलं काहीतरी, असे तीन फोकस बघा. हजाराच्या घरातला रोल वाया घालवण्यापेक्षा दहा रुपयांची पट्टी बरी.

एसएलआरच का नाही घेत?

हा प्रश्न मला कॅन्टीनमध्ये रोज ऐकावा लागतो, आणि तो चुकीचा नाही. पक्षी, क्रिकेट, मिरवणूक लांबून, असं काही करायचं असेल तर डोळे मिटून एसएलआर घ्या. १९५९मध्ये निकॉन एफ आला आणि त्यानंतर बातमीदार फोटोग्राफरांचं जग एसएलआरकडे वळलं. त्यात लांब लेन्सची सोय हे मोठं कारण होतं. रेंजफाइंडरच्या १३५ आज स्वस्त आहेत त्या याचमुळे. मागणी नाही म्हणून स्वस्त, आणि मागणी नाही कारण वापरायला अवघड. आपण मात्र किंमत बघून समजतो, लॉटरी लागली.

तरीही ८५-९०साठी मी रेंजफाइंडरच निवडेन. आरसा नाही, त्यामुळे शटरचा आवाज कमी. तालमीत, बैठकीत, गाण्याच्या मैफलीत कुणी वळून बघत नाही. फोटो काढण्याच्या क्षणी डोळ्यासमोर काळोख होत नाही. आणि चौकटीच्या बाहेर काय चाललंय तेही दिसत राहतं. विंगेतून कोण येतंय ते आधी कळतं.

आता जे कबूल करायला नको वाटतं ते करते. १३५ मी स्वस्त म्हणूनच घेतली, हे अर्धंच खरं. मला आठव्या रांगेत बसायचं होतं. कुणाला न विचारता, कुणाच्या नजरेत न येता फोटो काढायचे होते. जवळ जाऊन "काढू का गं?" म्हणायची लाज वाटायची. मैत्रिणीलासुद्धा! लांब लेन्स घेतली की ही लाज झाकली जाते असं वाटलं होतं. रेंजफाइंडर ती झाकू देत नाही. तो म्हणतो, चार पावलं पुढे ये. मला आता तो त्याचा दोष वाटत नाही. आम्हाला वर्गात शिकवतात की समोरच्याला विश्वासात घ्या. कॅमेऱ्याने ते फुकटात, म्हणजे साडेचार हजारांत, शिकवलं.

नंतर एका मित्राची ज्युपिटर-९ दोन दिवस उसनी घेतली. मैत्रीण होस्टेल सोडायच्या आदल्या संध्याकाळी तिच्या खोलीत गेले. सामान बांधून झालं होतं, ती कॉटवर बसून पोळीभाजी खात होती. दोन मीटर अंतर, एफ/४, खिडकीचा उजेड. मी विचारलं. ती म्हणाली, "असं खाताना?" मी म्हटलं, "हो, असंच." बारा फ्रेम काढल्या, त्यातल्या दहांत डोळे शार्प आहेत. चांगले फोटो आहेत ते. पण ती आजी त्यात नाही. ती गेली ती गेलीच, आणि तिला मी अजून कंदिलाचे फोटो दाखवलेले नाहीत.

ज्युपिटर-११ सध्या आईच्या डब्यात आहे. विकायला काढणार आहे. घेणाऱ्याला किंमत सांगायच्या आधी मी एकच विचारणार: "कॅमेरा कोणता आहे तुझ्याकडे?"